सुईवरून पडलेली यादी

रेकॉर्डखोलीतला कागद ठरावीक वर्षांनी नष्ट करायचा असा नियम आहे. किश्शांना तसा नियम नाही, म्हणून ते साठत जातात. आमच्या खोलीत काम केलेली दोन माणसं एकत्र आली की चहा उकळेपर्यंतच चार-पाच निघतात. कचेरी कुठल्या खात्याची ते मी सांगणार नाही. भोर आणि वेल्हे, दोन्हीकडची गावं तिच्याकडे होती एवढं पुरे.

मी अमेरिकेतून परत आले तेव्हा बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. तिथल्या विद्यापीठात दोन वर्षं कॉम्प्युटरवर काम केलं होतं. त्या मशीनच्या पोटात शेकडो फाइली असत, कप्प्याकप्प्यांत ठेवलेल्या आणि कप्प्यांत आणखी कप्पे. समोर टेलिटाइप. त्यावर एक ओळ टाइप केली की यंत्र खडखडत त्या कप्प्यात काय काय आहे त्याची यादी छापून द्यायचं. तो यादीचा प्रोग्राम ज्या तिघांनी लिहिला त्यांतली मी एक. एवढासा प्रोग्राम, पण मला त्याचं वेड लागलं. ओळ विद्यार्थ्यानं टाइप करो की प्रोफेसरानं, उत्तर दोघांना सारखंच. हे आपल्या डोंगरात न्यायचं, असं मी तिथंच ठरवून टाकलं.

"रेकॉर्ड आधुनिक करणे, तात्पुरती जागा" अशी जाहिरात वाचून अर्ज केला. टेलिटाइप नसेल हे कळत होतं. पण एखादं छोटं यंत्र असेल, पंच कार्डं असतील, गेलाबाजार एक पंखा. सापडली ती एक कौलारू खोली. भिंतभर फळ्या, आणि फळ्यांवर लाल-हिरव्या-पिवळ्या फडक्यांत बांधलेली फाइलींची अकराशे गाठोडी. कचेरीत त्यांना रुमाल म्हणतात. खिडकीला गज. स्टुलावर दप्तरी तात्या.

"यंत्र कुठंय?" मी विचारलं.

"कसलं?"

"रेकॉर्ड शोधायचं."

"म्याच की," तात्या म्हणाले.

* * *

पहिल्याच बाजाराच्या दिवशी गजांपलीकडे एक म्हातारे येऊन उभे राहिले. ताठ. पायांत पलटणीतले बूट, पॉलिश केलेले.

"गेनू रामा, कातळवाडी. वतनाच्या जमिनीचा जुना कागद पाहिजे."

अव्वल कारकून नाना आतून, मान वर न करता म्हणाले, "नोंद नाही."

"बरं," म्हातारे म्हणाले आणि वळून गेले.

मी नानांना विचारलं, हे काय. ते म्हणाले, दर बाजाराला येतात, चार वर्षं झाली. गावकीची वतनं सरकारनं बंद केली. त्या जमिनी कसणाऱ्यांच्या नावावर करून मिळतात, पण जुन्या वहिवाटीचा कागद दाखवला तर. कातळवाडीत बौद्धांची सोळा घरं. कागद नाही निघाला तर जमीन सरकारजमा.

"पण पहिल्यांदा नोंद नाही म्हटल्यावर ते पुन्हा का येतात?"

नाना म्हणाले, "मिलिटरीतला माणूस. हजेरी लावतो."

* * *

तात्यांना अक्षरओळख नव्हती. तरी गावाचं नाव घेतलं की ते डोळे मिटत, जागच्या जागी पाय हलवत, आणि सरळ जाऊन रुमाल काढत. मला हा प्रकार मान्य नव्हता. ज्ञान एका माणसाच्या डोक्यात अडकून राहिलेलं मला कुठंच मान्य नव्हतं. मी तीन आठवडे खपून, तात्या फळ्यांवरून काढून देतील ते सगळे रुमाल अकारविल्हे लावले. अ पासून ह पर्यंत. तिकडच्या माझ्या प्रोफेसरांनी बघितलं असतं तर पाठ थोपटली असती.

चौथ्या आठवड्यात नानांनी आंबवड्याची एक फाइल मागितली. आंबवडं माझंच गाव. तात्या सकाळी खोलीत शिरले ते जेवायच्या सुट्टीत घामाघूम होऊन बाहेर आले.

"बाई, तुमी आंबवडं अंत्रोलीच्या शेजारी लावलंया."

"हो. अक्षरानं शेजारीच येतात ती."

"मदी आख्खा डोंगर हाय, नदी हाय. म्या एवढं कसं चालू?"

तेव्हा मला कळलं. त्या फळ्या पायवाटेनं लावलेल्या होत्या. खिंडीपलीकडचं गाव वरच्या फळीवर, नदीकाठचं तळाला. दोन गावांचं बांधावरून भांडण असेल तर तो रुमाल दोघांच्या मधोमध. तीस वर्षं हा माणूस मनातल्या मनात भोरहून निघून वेल्ह्यापर्यंत चालत होता आणि वाटेतले कागद उचलत होता. माझ्या प्रोग्रामातले कप्प्यांतले कप्पे म्हणजे हेच की. फक्त पायांनी पाठ केलेले.

सगळं परत लावायला पाच आठवडे गेले. नानांनी महिनाअखेरच्या अहवालात लिहिलं, "रेकॉर्ड आधुनिक करण्याचे काम जोमाने चालू. सद्यःस्थिती पूर्ववत."

* * *

यंत्र नाही म्हणून गप्प बसायला मी परत आले नव्हते. पुठ्ठ्याची कार्डं कापली. तात्या काढून देतील त्या प्रत्येक रुमालाला एक कार्ड, गावागणिक गठ्ठे, गठ्ठे तात्यांच्या पायवाटेनं. प्रत्येक कार्डाच्या वरच्या कडेला एक ओळ भोकांची. पहिलं भोक जमिनीचं, दुसरं वाटेच्या भांडणाचं, तिसरं चराईचं, चौथं वतनाचं. ज्या रुमालात तो विषय असेल त्याच्या कार्डावर त्या भोकाची वरची कड कापून टाकायची. मग गठ्ठ्यातून त्या भोकात सुई घालून उचललं की बाकीची कार्डं सुईला लटकतात आणि कापलेली तेवढी खाली पडतात. पडली ती यादी. वीज नको, पंखा नको.

सुया स्वेटर विणायच्या, भोरच्या बाजारातून घेतलेल्या. दुकानातल्या बाईंनी विचारलं, लोकर कुठली दाखवू? म्हटलं, लोकर नको, फक्त सुया. संध्याकाळी मी आंबवड्याला पोचायच्या आत बातमी पोचली होती. आई दारातच उभी.

"लोकर मी आणून दिली असती की गं," ती हळूच म्हणाली. "नुसत्या सुया घेऊन फिरू नये. माणसं बोलतात."

भोकं पाडायला भंगारात एसटी कंडक्टरचा जुना पंच मिळाला. चांगला चालायचा. एकदा वरवे बुद्रुकची एक आजी तिच्या माहेरच्या, विंझरच्या जमिनीचं कार्ड पावती समजून कनवटीला लावून घेऊन गेली, आणि परतीच्या गाडीत तेच पुढं केलं. कंडक्टरनं ते उजेडाला धरून दोन्ही बाजूंनी बघितलं.

"भोक बरोबर हाय, आजी," तो म्हणाला. "पर हे इंजरचं हाय. तुमी निघालाय नसरापूरला."

कार्ड मात्र त्यानं दुसऱ्या दिवशी स्वतः आणून दिलं.

* * *

सुईच्या उद्घाटनाला मी गेनूबाबांनाच बोलावलं. मला वाटलं होतं, माणसं विसरतात, सुई विसरणार नाही. कातळवाडीचा गठ्ठा घेतला. चौथं भोक. सुई घातली, उचलली.

काही पडलं नाही.

"हलवून बघ, पोरी," गेनूबाबा म्हणाले.

हलवून बघितलं. नाना आपल्या टेबलावरून बघत होते, तात्या खिडकीबाहेर.

"बरं," गेनूबाबा म्हणाले. "येतो पुढच्या बाजाराला."

* * *

कार्डं झाली, मग ओळ ठरवली. टेलिटाइपवर जशी टाइप करायचो तशीच, तीन शब्दांची. काय, कुठलं, कशाबद्दल. यादी, गाव, विषय. लिहिता येत असेल त्यानं चिठ्ठीवर लिहावी, नसेल त्यानं खिडकीतून म्हणावी. तसा पुठ्ठा मी गजांना बांधला.

नानांनी तो पुठ्ठा दोनदा वाचला.

"ह्यात 'महोदय' कुठं आहे?"

"नाही."

"'विनंती विशेष'? 'आपला कृपाभिलाषी'?"

"नाना, मी जुने अर्ज वाचलेत. माणसाला काय हवंय ते सातव्या ओळीत येतं. तोवर तो फक्त वाकत असतो."

"बाई, हुकूम यंत्राला करतात. कचेरीला अर्ज करतात."

"मग आजपासून कचेरीला यंत्रच समजा."

पहिला आला तो धोंडिबा धनगर, केळदच्या वरच्या वाडीचा. शेरडं बाहेर आंब्याखाली, कुत्रं पायाशी. डोंगरावरच्या चराईचा कागद शोधत बारा वर्षं हिंडत होता. मी त्याला ओळ समजावून सांगितली. त्यानं घसा साफ केला.

"यादी. केळद. चराई."

तात्या पलटणीत असल्यासारखे उठले. गठ्ठा आला, सुई गेली, तीन कार्डं पडली, मी वाचून दाखवली. विडी ओढून होते न होते तेवढ्यात काम झालं. धोंडिबा हलेना.

"हात जोडायचं न्हाईत?"

"नाही."

"तुमच्या सायबाला रामराम?"

"मनात असला तर घाला."

त्यानं खाली कुत्र्याकडं बघितलं. "माजं कुत्रं तीन शब्दांत ऐकतंय," तो म्हणाला. "सरकाराला बारा वर्सं लागली व्हय."

आतून नानांनी विचारलं, "काय म्हणतोय तो?"

"समाधान झालं म्हनतोय," तात्या म्हणाले.

* * *

मग तपासणीला जिल्ह्याचे एक साहेब आले. अमेरिकेतून आलेल्या बाईंनी सुयांवर कचेरी चालवली आहे हे त्यांच्या कानावर गेलं होतं. खुर्चीत बसून, पाय पसरून, माझी गंमत करायच्या सुरात ते म्हणाले, "हं. यादी."

मी म्हटलं, "गाव? विषय?"

"काही नाही. नुसतं यादी. बघू तुमचं यंत्र काय करतं."

आता माझ्या प्रोग्रामचा नियम असा की नुसतं यादी म्हटलं तर सगळं सांगायचं. तात्यांना मी तो तसाच शिकवला होता. तात्यांनी डोळे मिटले, पाय हलवायला सुरुवात केली, आणि भोरच्या वेशीपासून निघाले. गाव, रुमाल, विषय. गाव, रुमाल, विषय. सगळं तोंडपाठ. मी समोर बसून एकेक कार्ड बाजूला टाकत गेले. पंधरा मिनिटांनी साहेबांनी घड्याळ बघितलं. अर्ध्या तासानं चहावर साय धरली. "थांबा" म्हणणं म्हणजे यंत्रासमोर हरणं, आणि साहेब हरायला आलेले नव्हते. जीपचा ड्रायव्हर व्हरांड्यात झोपला. चार वाजता तात्या अजून नदीच्या अलीकडेच होते.

साहेबांनी शेरेबुकात लिहिलं, "यादी परिपूर्ण. यापुढील तपासणी संक्षिप्त व्हावी." दुसऱ्याच दिवशी मी चौथा शब्द वाढवला, "पुरे".

साहेबांची यादी परिपूर्ण, माझी मात्र नव्हती. त्या निमित्तानं मी फळ्यांवरचे रुमाल पहिल्यांदाच स्वतः मोजले. रुमाल अकराशे. कार्डं एक हजार एकोणसाठ.

* * *

एक्केचाळीस रुमाल दुसऱ्यांच्या मागं सरकवलेले होते. प्रत्येकाच्या गाठीवर बोटभर चुन्याचा ठिपका.

"तात्या, हे मला का नाही दिलेत?"

"ते ठिपक्याचं हाईत."

"म्हणजे?"

"म्हंजे हाईत, पर न्हाईत."

फार पूर्वी एका साहेबांनी, नको असलेलं एक प्रकरण मागं ठेवायला, आपल्या तंबाखूच्या डबीतला चुना लावला. पुढच्या साहेबांना वाटलं, ही पद्धतच आहे. त्यांनी आणखी दोनांना लावला. प्रत्येकानं वाढवले, पुसला एकानंही नाही. कशाला लावला हे आता कुणालाच ठाऊक नव्हतं. ठिपक्याचं नाव घ्यायचं नाही, एवढंच ठाऊक होतं.

मी नानांवर उखडले. ते शांतपणे म्हणाले, "आपण खोटं बोलत नाही, बाई. 'कागद नाही' असं मी गेनूला कधी म्हटलं का? 'नोंद नाही' म्हटलं. नोंद नाहीच आहे."

आता एक कबुली. तिकडच्या आमच्या प्रोग्राममध्येही काही फाइलींच्या नावाआधी एक टिंब असे, आणि टिंबवाल्या फाइली यादीत दाखवायच्या नाहीत असं ठरलं होतं. यंत्राच्या घरगुती कामाच्या फाइली, लोकांना काय करायच्या, असं प्रोफेसर म्हणाले. ती अट मी माझ्या हातानं लिहिली होती. कुणाला विचारलं नव्हतं. लिहून झाल्यावर विसरूनही गेले होते. त्या एक्केचाळीस गाठी समोर घेऊन बसले तेव्हा आठवली.

सतरावी गाठ कातळवाडीची निघाली. आत वहिवाटीचा कागद, सोळा घरांची नावं. तिसऱ्या ओळीत गेनूबाबांचे आजोबा.

* * *

हा शेवटचा. आमच्यात हाच सगळ्यांत जास्त सांगितला जातो, आणि नानांबद्दल प्रत्येकजण वेगळं सांगतो.

गेनूबाबांची भोरला शेवटची सुनावणी दोन दिवसांवर आली होती. तिथं मूळ कागद न्यायचीही गरज नव्हती. असा कागद अमुक ठिकाणी आहे एवढं सहीशिक्क्यानिशी दिसलं, तर सुनावणी घेणारे तो स्वतः मागवून घेणार होते. म्हणजे हवी होती ती फक्त यादी. मी आमच्या कचेरीच्या साहेबांकडे गेले. म्हटलं, ठिपक्याच्या रुमालांची कार्डं करते आणि यादीत घालते.

"नको," साहेब म्हणाले. "पूर्वापार चालत आलंय. त्यांची यादी कुणाला द्यायची नाही."

"का?"

"का म्हणजे? नाही द्यायची."

"मग लेखी द्या."

साहेबांनी चष्मा काढला. "तुमची नेमणूक ह्या महिनाअखेर संपते. मुदतवाढीचा कागद माझ्याकडेच येणार आहे. लक्षात आहे ना?"

"आहे. लेखी द्या."

"लेखीच देतो," साहेब म्हणाले आणि नानांना हाक मारली. "आदेश काढा. ठिपका असलेल्या रुमालांची यादी कोणासही देऊ नये."

नाना वही उघडून उभे राहिले. "साहेब, असा मोघम आदेश निघत नाही. कुठले रुमाल? उद्या कुणी आणखी एक ठिपका लावला तर? गाव, विषय, क्रमांक सगळं स्पष्ट पाहिजे. परिशिष्ट जोडावं लागेल."

"मग जोडा. बाईंनाच टाइप करू दे," साहेब म्हणाले.

मी टाइप केलं. परिशिष्ट अ. एक ते एक्केचाळीस. गाव, विषय, रुमाल कुठल्या फळीवर. सतराव्या ओळीत कातळवाडी, वतन जमीन, वहिवाटीचा कागद, घरं सोळा. नाना शेजारी उभे राहून एकेक ओळ तपासत होते. सतराव्या ओळीशी थांबले, म्हणाले, "शाई फिकी आली आहे. पुन्हा ठोका." मी पुन्हा ठोकली.

"प्रती किती?" मी विचारलं.

"तीन."

"एक फाइलला, एक फलकाला. तिसरी?"

"नियमात तीन आहेत. तिसरी, फलक वाचून जो मागेल त्याला."

आदेशाच्या तळाशी नानांनी नेहमीची ओळ घातली होती, "सदर आदेश परिशिष्टासह सूचना फलकावर प्रसिद्ध करावा."

"नाना, ही ओळ..."

"प्रत्येक आदेशात असते," नाना म्हणाले.

साहेबांनी घाईत सह्या केल्या. तात्यांनी सगळ्या पानांवर गोल शिक्का मारला, परिशिष्टावर जरा जोरात. नानांनी पेनाला टोपण लावलं, छत्री घेतली आणि रोजच्यापेक्षा दहा मिनिटं आधी घरी गेले.

मी रात्रभर जागी नव्हते. झोपले, चांगली झोपले. पण झोपताना काही ठरवलेलं नव्हतं. साहेबांना ती शेवटची ओळ दाखवावी, ते ती खोडतील, माझी मुदतवाढ होईल, आणि पुढच्या वर्षी शांतपणे एक्केचाळीस कार्डं करता येतील, असंही मनात येऊन गेलं. पुढच्या वर्षी कातळवाडीकडे जमीन नसती, एवढंच.

सकाळी सातच्या एसटीनं कचेरीत पोचले. बाजाराचा दिवस. तात्या व्हरांडा झाडत होते. मी फलकाची काच सरकवली आणि आतले जुने कागद काढले.

"बाई, सायबांस्नी इचारलं का?" तात्या म्हणाले.

"सही त्यांचीच आहे, तात्या."

तात्यांनी झाडू भिंतीला टेकवला आणि टाचण्यांची डबी आणून माझ्यासमोर धरली. आदेशाचं पान मी हातात घेतलं, मग परिशिष्टाचं. आदेश खाली, परिशिष्ट वर, हे मी तिथं उभ्या उभ्या ठरवलं. वर म्हणजे किती वर, एवढंच राहिलं होतं. गेनूबाबा पलटणीत वाचायला शिकलेले, पण माझ्याहून चार बोटं बुटके. मी परिशिष्ट चार बोटं खाली घेतलं आणि टाचणी लावली.